पस्तान्याचा निळा स्वेटर

आधी एक स्पष्ट सांगते. या सदरातले अनुभव मी जेवणं झाल्यावर करमणूक म्हणून वाचते आणि वाचून झालं की "काय फेकतोय लेकाचा" म्हणून फोन बाजूला ठेवते. भूत, भानामती, मुहूर्त, दृष्ट... माझा कशावर म्हणून विश्वास नाही. खरं तर माणसांवरही फारसा नाही. उभी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून केली. खिडकीबाहेर फारच तल्लीन होऊन बघणारा माणूस दिसला की हा विदाऊट, म्हणजे विनातिकीट आहे, हे मला लांबूनच कळायचं. संशय हा माझा धंदाच होता म्हणा ना. तेव्हा आता जे सांगणार आहे त्यावर तुम्ही संशय घेतलात तर मला राग नाही. माझा स्वतःचा सगळा घेऊन झालाय.

मी राहते बोर्ली पंचतनला. माहेर रेवदंडा. मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली. घरात मी आणि माझी मोठी जाऊ, आम्ही दोघीच. तिला मी वैनी म्हणते. माझी एकुलती एक लेक सायली लग्नानंतर नवऱ्याबरोबर पोर्तुगालला, लिस्बन शहरात गेली. गेल्या हिवाळ्यात तिला सातवा महिना लागला आणि जावईबापूंनी, निखिलने, माझं तिकीट पाठवलं. पासपोर्ट होताच, पण विमानात मी आयुष्यात पहिल्यांदा बसणार होते.

तिकिटाची तारीख बघून वैनीने कपाळाला हात लावला.

"अगो, आवशेला कोन निगतं समुद्रापार? पोर पोटुशी हाय तिकडं."

"वैनी, विमानवाल्यांना अमावस्या-पौर्णिमा काही नसते."

"त्यांना नसंल. आपल्याला हाय. मी पस्ताना ठेवते तुजा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. निघायचा दिवस वाईट असेल तर आधीचा एखादा चांगला दिवस बघायचा. मुहूर्तावर प्रवाशाचं एक वस्त्र घ्यायचं, त्यात सुपारी, हळकुंड, अक्षता बांधायच्या आणि ते वाटेवरच्या दुसऱ्या कुणाच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे माणूस त्या दिवशीच निघाला असं धरतात. खरोखर निघताना ते वस्त्र उचलायचं आणि मागे न वळता पुढे जायचं. आमच्याकडे जुन्या बायका अजून करतात. मला यात एकच गोष्ट खटकली, की त्या बाईने नेमका माझा निळा स्वेटर उचलला. ड्युटीवर मुक्कामाच्या गाड्यांमध्ये बसून मी स्वतः विणलेला तो. निघायच्या आठवडाभर आधी एका दुपारी, मी मसाले दळायला गेले असताना, वैनीने तो नेऊन स्टँडच्या वाटेवर यशोदाकाकूंकडे ठेवला. आले तेव्हा कपाट मोकळं. म्हटलं, ठेवा बाई, निघताना घेऊ.

आणि निघताना आम्ही विसरलो! गाडीवाला घाई करत होता, वैनी रडत होती, मी सुकटीच्या पिशव्यांचा वास बाहेर येतोय का ते हुंगत होते. यशोदाकाकूंच्या दारावरून गाडी गेली आणि दोघींपैकी एकीच्याही लक्षात आलं नाही.

विमान मात्र मला जाम आवडलं, खोटं कशाला बोलू? दार बंद झाल्यावर सवयीने डोकी मोजायला घेतली, पण मागे किती आहेत ते दिसेना. हवाई सुंदरीने पट्टे तपासले, वरचे सामानाचे कप्पे धडाधड बंद केले, तेव्हा माझा हात डबल बेल द्यायला आपोआप वर गेला. शेजारचा माणूस बसल्या बसल्या डोळे मिटून घोरायला लागला. इतक्या लवकर झोप लागते का कुणाला? मी पर्स मांडीखाली घेतली. मग जेवणाचे ते छोटे छोटे डबे, बोटभर लोणी, समोर पडद्यावर आपण कुठल्या समुद्रावर आहोत ते दाखवणारा नकाशा... मी सिनेमा न लावता तोच बघत बसले. मध्ये आखातात विमान बदललं, तिथेही मला खिडकीच मिळाली. फक्त गारठले. "स्वेटर कुठाय माझा?" म्हणत हातातली पिशवी उपसली, तेव्हा आठवलं की तो यशोदाकाकूंकडे सुपारी पोटात घेऊन बसलाय. मी मनातल्या मनात वैनीचा उद्धार केला आणि दोन ब्लँकेटं मागून घेतली.

लिस्बन म्हणजे चढच चढ. घरांना बाहेरून फरश्या लावलेल्या, आपण बाथरूममध्ये लावतो तशा. रस्त्यातून पिवळी ट्राम घंटा वाजवत जाते आणि तिच्यात कंडक्टरच नाही! मग तिकीट बघतं कोण, हा प्रश्न मला पहिले दोन दिवस छळत होता. कोपऱ्यावरच्या दुकानात खारवलेले वाळके मासे थप्प्या लावून रचलेले होते. त्या वासाने मला रेवदंड्याच्या वाळवणाची इतकी आठवण आली की मी दुकानासमोर उगाचच उभी राहिले. बेकरीत पावाला जवळजवळ पावच म्हणतात. आमच्या रेवदंड्याच्या कोटाच्या भिंती ज्या पोर्तुगीजांनी बांधल्या त्यांच्या गावात मी पाव घ्यायला उभी आहे, याची मला गंमत वाटत होती.

पण सायलीचं काहीतरी बिनसलं होतं. चेहरा उतरलेला. जिना चढताना ती कठडा घट्ट धरायची आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आली की बोलायची थांबायची. विचारलं तर, "काही नाही गं आई, दमायला होतं." जावईबापू ऑफिसच्या कामासाठी दुसऱ्या देशात गेले होते ते मी यायच्या आदल्या दिवशी परतले, आणि ते तर माझ्याशी इतकं गोड बोलत होते की मला तिथेच शंका आली.

त्यात खालच्या मजल्यावरची फिलोमेना. सत्तरीची एकटी बाई, मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारी. माझंही तसलंच, त्यामुळे आमचं जमायला हरकत नव्हती. पण पहिल्याच दिवशी तिने जिन्यात मला मिठी मारली, दोन्ही गालांचे मुके घेतले आणि डोळ्यांत पाणी आणून "थँक्यू, थँक्यू" म्हणाली. इतकं कशाबद्दल? मी म्हटलं असेल इकडची पद्धत. मग एका सकाळी पाव घेऊन येताना तिने मला थांबवलं, माझ्या अंगातल्या सायलीच्या ढगळ जाकिटाकडे बघितलं आणि विचारलं, "तो निळा स्वेटर का नाही घातला? त्यात छान दिसत होतीस."

मी हसून वर आले. आणि चहा ठेवता ठेवता डोक्यात लख्ख प्रकाश पडला... विहीणबाई! पुण्याच्या माझ्या विहीणबाई माझ्या आधी इथे येऊन गेल्या! मला कळू नये म्हणून सगळे गप्प आहेत, आणि या म्हातारीला आम्ही दोघी सारख्याच दिसतो. म्हणून जावई गोड, म्हणून लेक उदास. सासू-सुनेचं वाजलं असणार. जावई ऑफिसला गेल्यावर मी सायलीला समोर बसवलं.

"खरं सांग, तुझी सासू आली होती ना?"

"कोण? आई, काहीतरीच काय!"

"मग निळा स्वेटर घालून कोण आलं होतं इथे?"

हे ऐकलं आणि सायलीचा चेहरा पांढराफटक पडला. मग ती रडायलाच लागली. मी तिला जवळ घेतलं. बोलली ती अशी.

मी यायच्या आठवडाभर आधी, निखिल नसताना, ती खाली जायला निघाली आणि त्या दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिला चक्कर आली. ती पडली. रक्तस्राव सुरू झाला. हॉस्पिटलात दोन दिवस होती. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला असता तर बाळ हाती लागलं नसतं. मला सांगितलं नाही, कारण मी एकटी विमानाने येणार, वाटेत जिवाला घोर लावून घेईन.

माझ्या पोरीवर एवढं गुदरलं आणि मी बोर्लीत बसून मसाले दळत होते. पण जुनी खोड जात नाही. मी विचारलं, "तुला उचललं कुणी?"

"फिलोमेनाने अँब्युलन्स बोलावली. पण ती म्हणते तू होतीस."

आम्ही फिलोमेनाला वर बोलावलं. तिने सांगितलं आणि सायलीने मला मराठीत. फिलोमेना त्या सकाळी बाजाराला निघाली होती. बाहेरच्या दारापर्यंत पोचली, एवढ्यात वरून लोखंडी कठड्यावर काहीतरी टण्णकन वाजलं. एकदाच. ती थांबली, वळून परत जिना चढून आली, तर वळणावर एक बाई पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. हीच, असं म्हणून तिने माझ्याकडे बोट केलं. फिलोमेना फोन करायला घरात पळाली. माणसं स्ट्रेचर घेऊन आली तेव्हा बाई नव्हती. तिला वाटलं, आई आहे, गेली असेल गाडीतून बरोबर.

इथे माझ्या अंगावर काटा आला तो का, ते कंडक्टरलाच कळेल. बेलची दोरी तुटली की मी हातातली अंगठी दांड्यावर वाजवायचे. दोनदा वाजवलं की निघा. एकदा म्हणजे थांबा.

तरी मी हार मानली नाही. म्हटलं, माझा फोटो बघितला असेल. सायलीच्या फोनमध्ये निळ्या स्वेटरमधले माझे दोन फोटो होतेही. मला हायसं वाटलं. आता म्हातारीला पकडायचं म्हणून मी विचारलं, "स्वेटर कसा होता? नीट सांग." निळा, ती म्हणाली, हाताने विणलेला, आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाली, बटणं निळी, पण इथलं एक पांढरं.

"खोटं!" मी जवळजवळ ओरडलेच. "माझी सगळी बटणं निळी आहेत. बघ फोटो." फोटोत सगळी निळीच होती. मी जिंकले होते. फिलोमेनाने खांदे उडवले आणि आपली, पांढरं होतं, असंच म्हणत राहिली.

दुपारी वैनीचा फोन आला. मी काही बोलायच्या आतच तिचा आवाज रडवेला. "सुनंदे, घात झाला गो. पस्ताना यशोदाकडंच ऱ्हायला. आज तिने खुंटीवर दाखवला तवा माज्या ध्यानात आलं. तू न घेताच गेलीस."

"वैनी, स्वेटरची बटणं कुठल्या रंगाची आहेत?"

"आं? निळी. एक पांढरं हाय. तुटलेलं व्हतं छातीवरचं, तुज्या ध्यानात न्हाय आलं. मोडक्या वस्त्राचा पस्ताना ठेवत न्हाईत. म्हनून नेण्याच्या आधी भावजींच्या जुन्या सदऱ्याचं लावलं मी."

सायली माझ्या शेजारीच होती, फोन स्पीकरवर होता. मी वैनीला पस्ताना ठेवल्याची तारीख विचारली. वैनीने पस्ताना ठेवला तो दिवस आणि सायली पडली तो दिवस एकच निघाला. वेळेचा हिशेब मात्र मी केलेला नाही. मला करायचाच नाही.

"आई," सायली म्हणाली, "मला शुद्ध नव्हती नीट. पण कपाळावर हात होता. मला वाटलं तूच आलीस. म्हणून मी घाबरलेच नाही."

तिकडे वैनी विचारत होती, "काय करू आता? आनू का घरी?" पस्ताना घरी परत आणायचा म्हणजे प्रवासी माघारी फिरला, असं मानतात. मी, जिने आयुष्यभर या गोष्टींना नाक मुरडलं, मी फोनमध्ये किंचाळले, "नको! हात लावू नका. यशोदाकाकूंनाही सांगा. बाळंतपण होईस्तोवर खुंटीवरून काढायचा नाही."

नात झाली. सुखरूप, डोक्यावर भरपूर जावळ घेऊन आली. तिला न्हाऊमाखू घालून, व्हिसा संपत आला तशी मी परतले. येतानाच्या विमानात मला खिडकी मिळाली नाही आणि मी नकाशाही बघितला नाही.

मी सगळे तर्क करून बघितले. फिलोमेनाला भास झाला असेल. दुसरी कुणी निळ्या स्वेटरची बाई त्या इमारतीत येऊन गेली असेल. बटण हा योगायोग असेल. तुम्हाला यातलं काही पटत असेल तर जरूर पटवून घ्या, मला खरंच बरं वाटेल.

आता रोज स्टँडकडे जाताना यशोदाकाकूंच्या ओटीवरून आतली खुंटी दिसते. काकू विचारतात, "सुनंदा, तू तर कवाच आलीस, मग ह्यो नेत कशाला न्हाईस?" मी म्हणते, राहू दे. सायली अजून तिकडेच आहे, पोर तान्ही आहे, निखिल महिन्यातून एकदा बाहेरगावी जातो आणि तो जिना रोज चढायचा असतो. नोकरीत मी एकालाही विनातिकीट सोडलं नाही. या निळ्या स्वेटरवालीला सोडलंय.