एक्स-रे रूमबाहेर बसलेली आई

"मॅडम, उद्या सकाळी बायोप्सी. नडगीत सुई नेमकी कुठे घालायची तेवढं सांगा," आमचे हाडांचे डॉक्टर सतीश स्कॅन माझ्या स्क्रीनवर उघडत म्हणाले.

अनय, मीरा, रिटायर होऊनही आजी एक्स-रे बघायला हॉस्पिटलात का जाते, असं तुम्ही विचारता. त्याचं उत्तर ही केस आहे. नाव बदलून लिहिते.

रोहन बेंगळुरूत, कोरमंगलाच्या एका स्टार्टअपमध्ये कामाला, तिशीच्या आतला. रात्री नडग्या ठणकायच्या, कपाळावर टेंगूळ आलं होतं, वजन उतरलं होतं. बोन स्कॅनमध्ये, म्हणजे अंगात किंचित किरणोत्सारी औषध सोडून घेतलेल्या सांगाड्याच्या चित्रात, कवटीवर, फासळ्यांवर आणि दोन्ही नडग्यांवर काळे डाग होते. सतीशचा संशय एकच, हाडांत पसरलेला कॅन्सर. मूळ गाठ मात्र सापडत नव्हती. घरच्यांच्या कानावर तो शब्द गेलाही होता.

मला नडग्या खटकल्या. हाडांत पसरणारा कॅन्सर सहसा पाठीचा कणा आणि कंबर धरतो. इथे कणा स्वच्छ होता. हाडावर झाडासारखी साल असते, ती साल दोन्ही नडग्यांवर सुजलेली दिसत होती. असं चित्र मी फक्त शिकत असताना पाहिलं होतं.

"सतीश, सिफिलिस?"

सिफिलिस म्हणजे मुख्यतः शरीरसंबंधातून होणारा जंतुसंसर्ग. तो हाडांतही शिरतो, पण इतका क्वचित की कोणाला आठवत नाही. शिवाय दिसतो कधी कॅन्सरसारखा, कधी टीबीसारखा.

"व्हीडीआरएल निगेटिव्ह आहे, मॅडम." ती सिफिलिसची साधी रक्ततपासणी.

"आणि त्याला विचारलंत?"

"आई सगळं सांगते. पोरगा चहासुद्धा घेत नाही म्हणे."

गोम तिथेच होती. आपल्याकडे पेशंट एकटा येत नाही, आणि बरोबर आलेला माणूस पेशंटला बोलू देत नाही. रोहनची आई चिकपेटच्या जुन्या मराठी घरातली. मला म्हणाली, "अक्का, काय ते मला विचारा. तो स्वल्प लाजरा आहे."

मी कवटीचा आणि नडगीचा बाजूने एक्स-रे मागितला. तो खरंच हवा होता. पण एक्स-रे रूममध्ये नातेवाइकांना येता येत नाही, हेही मला हवंच होतं.

"तुम्ही बाहेर बसा. किरणं असतात."

"मी आई आहे त्याची."

"किरणांना ते कळत नाही."

दार लागलं. मी विचारलं, "रोहन, मध्यंतरी अंगावर पुरळ आलं होतं? तळहातांवर?"

त्याने दाराकडे पाहिलं.

"शिशाचा पत्रा आहे त्याला. आवाज जाणार नाही."

मग तो बोलला. पुरळ आलं होतं, आपोआप गेलं. त्याआधी एक नातं होतं, घरी माहीत नसलेलं.

"आईला सांगाल?"

"मी फोटो काढते, बातम्या देत नाही."

"मग कॅन्सर नाही ना?"

"अजून माहीत नाही. पण मला घाई झालीये."

मी या वयात जिना जवळजवळ पळत उतरले. लॅबच्या डॉ. नागरत्नांना म्हटलं, "रोहनचं रक्त पातळ करून परत लावाल?"

या तपासणीत रक्तातली प्रतिद्रव्यं, म्हणजे अँटीबॉडीज, आणि लॅबचं द्रव्य यांच्या गुठळ्या दिसल्या की पॉझिटिव्ह. पण प्रतिद्रव्यं फारच झाली, तर गुठळ्या बांधल्याच जात नाहीत. आजार जोरात, आणि रिपोर्ट निगेटिव्ह. रक्त पातळ केलं की प्रमाण जमतं.

"सरी मॅडम, लावते. काही नाही निघालं तर कॉफी तुमच्याकडून," नागरत्ना म्हणाल्या.

कॉफी त्यांनीच पाजली. पातळ केलेल्या रक्तात गुठळ्याच गुठळ्या होत्या. खात्रीची दुसरी तपासणीही पॉझिटिव्ह आली. एचआयव्ही निगेटिव्ह.

"तरी बायोप्सी करून टाकू?" सतीश म्हणाले.

"आधी पेनिसिलिन देऊन बघू. दुखणं नाही उतरलं तर सुई आहेच."

ठणका काही आठवड्यांत गेला. रोहनने त्या जुन्या मैत्रिणीला स्वतः फोन केला, तिचीही तपासणी आणि उपचार झाले. पुढच्या एक्स-रेत नडगीची साल पूर्ववत होत आलेली दिसली, आणि मी तो उगाचच पुन्हा पुन्हा पाहिला.

"अक्का, होतं काय त्याला?" आईने विचारलं.

"हाडाला जंतू लागले होते. इंजेक्शनने गेले."

यात खोटं काही नव्हतं.

हल्ली सतीशच्या केबिनबाहेर एक खुर्ची असते. पेशंटबरोबर आत येणाऱ्यांना ते म्हणतात, "तुम्ही इथे बसा, किरणं असतात." त्यांच्या केबिनमध्ये टेबल, पंखा आणि वजनकाटा आहे. किरणं कुठून येतात, ते अजून कोणी विचारलेलं नाही.