पिवळ्या कार्डावरचा वाहक

आज गुरुवार. पूजा झाली, पण हात जोडून काय मागावं ते सुचलं नाही, म्हणून वही उघडली. धाकट्या भावाबद्दल, इंद्रभानबद्दल, लिहायचं कधीचं मनात होतं.

इंद्रभान एसटीत कंडक्टर. म्हाताऱ्या बायांच्या टोपल्या स्वतः उतरवून देणारा, अन् तिकिटासोबत एखादा टोमणाही फाडून देणारा. उंद्री ते लोणार, त्याच्या गाडीत कोणी झोपत नसे.

दहा वर्षांपूर्वी गावात रक्त तपासायला सरकारी माणसं आली होती. इंद्रभानला पिवळं कार्ड मिळालं, त्यावर लिहिलं होतं, 'सिकलसेल वाहक'. नर्सबाई समजावत होत्या, पण याची ड्युटीवर जायची घाई. घरी येऊन कार्ड माझ्यापुढे धरून म्हणतो, "पाह्य ताई, रक्तातबी वाहकच निंघालो. आता चालक तेवढी पाहून दे." आम्ही पोट धरून हसलो. एसटीवाल्याच्या घरात वाहक म्हणजे कंडक्टर. दुसरा अर्थ कोणाच्या डोक्यात यावा?

चालक मीच पाहून दिली. रंगरावमामांची संजीवनी. आमच्यात मामाची पोरगी करतातच. घरचं माणूस, पारखायचं काय? तिचं रक्त तपासलेलंच नव्हतं. लग्नाच्या पोरीला सुई टोचली तर लोक म्हणतील काही खोट आहे, म्हणून मामांनी तपासणीच्या दिवशी तिला शेतात पाठवलं होतं.

काजल झाली. वर्षाची असताना तिचे हातपाय सुजले. मग दर दोन महिन्यांनी हाडं दुखायची, पोरगी किंचाळायची. मी दृष्ट काढली, उपास धरले. शेवटी बुलढाण्याच्या डॉक्टरांनी दोघांचं रक्त तपासून सांगितलं: काजलला सिकलसेल, रक्ताचं दुखणं; नवरा-बायको दोघंही त्याचे वाहक. त्यांना स्वतःला त्रास नाही, पण दोघांकडचा दोष पोरीत एकत्र आला. प्रत्येक खेपेला चारात एक असं होऊ शकतं. काजलला रोजची गोळी लागली.

"म्हंजे मले तं लिहून देलं होतं," इंद्रभान म्हणाला. एवढंच. तेव्हापासून तो गाडीतसुद्धा तिकिटापुरताच बोलतो.

यंदा संजीवनीला पुन्हा दिवस गेले. काजल आठ वर्षांची. तिसऱ्या महिन्यात नागपूरला पोटातल्या बाळाची तपासणी केली. रिपोर्ट येईपर्यंत मी देवापुढे एकच मागत होते, बाळ नुसतं वाहक होऊ दे. ज्या शब्दावर हसले तोच मागत होते.

तेही मिळालं नाही. बाळाला काजलचंच दुखणं निघालं.

दोघांनी गर्भ ठेवायचा नाही असं ठरवलं. मी पापाचं काही बोलायला गेले, तर संजीवनी म्हणाली, "ताई, दुखण्यात काजलले रातभर मी धरून बसतो. आखीन एकाले धराले हात कुठून आणू?"

परवा दोघं दवाखान्यात गेली. निघताना संजीवनीनं मला बाजूला घेतलं. "काजलले सांगू नका, ताई. तिले वाटंल, आधी समजलं असतं तं मलेबी ठेवलं नसतं."

मी काजलला सांगितलं, आईला ताप आहे.

"बाळालेबी माह्यासारखंच होतं काय, आत्या?"

नाही म्हटलं मी. तिनं भिंतीकडे तोंड केलं.

कालपासून पोरगी गोळी घेत नाही.