तळवलीला उभ्या गाडीचा धक्का

“परब, तुमच्या गाडीने आज परत एकीला धक्का दिला,” नाडकर्णी साहेब म्हणाले.

“साहेब, शक्यच नाही.”

“आठव्या महिन्यातली बाई आहे.”

मी परत म्हणालो, “शक्यच नाही.”

साठीचं दशक होतं. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत मी वायरमन होतो आणि नाडकर्णी साहेब आमचे इलेक्ट्रिकल इंजिनियर. गाडी म्हणजे कॅरॅव्हान. जीपच्या मागे जोडून ओढत न्यायची, चाकांवरची पत्र्याची खोली. कंपनीच्या परदेशी साहेबाने ती स्वतःला राहायला आणली होती. तो मायदेशी गेला, गाडी राहिली. मग कंपनीने तिचा फिरता दवाखाना केला. दर गुरुवारी ती तळवलीला जायची. आत एक डॉक्टरीणबाई, एक पंखा, दोन दिवे, सुया उकळायचं विजेचं भांडं आणि औषधांचा छोटा फ्रिज.

गावात वीज होती ती फक्त भाताच्या गिरणीत. गिरणीपासून गाडीपर्यंत केबल टाकायची, ती खिडकीतून आत घ्यायची आणि ड्रायव्हरने आत बसून वायरी स्क्रूने आवळायच्या, असा सगळा द्राविडी प्राणायाम. खिडकी उघडी, त्यातून भाताचा कोंडा आत. बाई वैतागल्या. साहेबांनी मला बोलावलं. “परब, असं काहीतरी करा की बाहेरून प्लग लावला की काम झालं.”

मी केलं. गाडीच्या बाहेरच्या अंगाला लोखंडी पेटी बसवली, आतली वायरिंग तिच्यात आणली, पेटीतून लांब केबल काढली आणि टोकाला प्लग लावला. एकच अडचण होती. गाडीला तीन वायरी, गिरणीच्या सॉकेटला दोनच भोकं. तीन वायरी म्हणजे काय ते सांगतो. फेज करंट आणतो. न्यूट्रल तो परत नेतो. तिसरी हिरवी, अर्थिंगची. ती गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते. चुकून पत्र्यात करंट उतरला तर तो माणसातून न जाता तिच्यातून जमिनीत जावा, म्हणून ती. तळवलीत ही हिरवी वायर जोडायची कुठे? मी ती पेटीतच न्यूट्रलला बांधून टाकली. न्यूट्रल तिकडे ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीत गाडलेला असतोच, म्हणजे अर्थिंग झालंच, असा हिशोब. त्या काळी निम्मे वायरमन असंच करायचे आणि वर मिशीला पीळ द्यायचे.

साहेबांनी काम बघितलं. “वा!” म्हणाले. मी आठवडाभर हवेत होतो.

पहिल्या गुरुवारी काही नाही. दुसऱ्या गुरुवारी चार जणांनी तक्रार केली, गाडीला हात लावला की झिणझिण्या येतात. मी टेस्ट लॅम्प घेऊन गेलो. टेस्ट लॅम्प म्हणजे होल्डरमधला साधा बल्ब, त्याला दोन मोकळ्या वायरी. एक इथे लावायची, एक तिथे. बल्ब पेटला तर दोघांत करंट आहे. मी पेटी उघडली, एक वायर पत्र्याला लावली, दुसरी न्यूट्रलला. बल्ब थंड. पत्र्यावर पाचही बोटं ठेवली. काही नाही. बाईंनी हात लावला, ड्रायव्हर सावंतने लावला. काही नाही.

“मनाचे खेळ,” मी म्हणालो.

तिसऱ्या गुरुवारी एकही तक्रार नाही. मी म्हटलं, बघा! चौथ्या गुरुवारी परत पाच जण. आता मात्र माझ्या डोक्याचा भुगा झाला. फ्रिज लीक असेल म्हणून फ्रिज बंद केला. भांडं काढून ठेवलं. प्लग काढून गाडीखाली पाठीवर सरपटत सगळी वायरिंग इंचाइंचाने तपासली. नवी केबल टाकली. दमट हवा होती म्हणावं, तर धक्का बसलेल्या दिवशी लख्ख ऊन. बायकांनाच बसतो म्हणावं, तर एक दांडगा आगरी गडी शिव्या देत निघून गेलेला. आणि आमच्यातल्या एकालाही कधी नाही. अहो, करंट काय माणूस बघून बसतो? रात्री जेवताना मी ताटात बोटाने फेज-न्यूट्रल काढत बसायचो. बायको म्हणाली, “आधी भात खा, मग गाडी दुरुस्त करा.”

आणि पाचव्या गुरुवारी हिराला बसला.

हिरा म्हणजे ती आठव्या महिन्यातली. पाय सुजलेले, डोकं दुखायचं, डोळ्यांपुढे काजवे. डॉक्टरीणबाईंनी तिला मुद्दाम निरोप देऊन बोलावलं होतं. तिने दाराचा दांडा धरला, किंचाळली आणि सासूचा हात धरून तशीच घरी गेली. आता यायला तयार नव्हती.

“तिचं ब्लडप्रेशर बघायलाच हवं,” बाई मला म्हणाल्या. “मी घरी गेले, तर दार लावून घेतलं. परब, मला लक्षणं बरी दिसत नाहीत. आकडीचे झटके सुरू झाले तर आई आणि मूल दोन्ही जातील. तुमची गाडी नीट करा, नाहीतर मला दुसरं काहीतरी करू द्या.”

तुमची गाडी! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण त्याहून जास्त भीती वाटली, खरं सांगतो.

साहेबांनी दुसऱ्याच दिवशी मला गाडीसकट तळवलीला पाठवलं. गाडी नेहमीच्या जागी लावली. चिखल म्हणून तिच्या टेकूंखाली लाकडी फळ्या, नेहमीसारख्या. सावंतने प्लग लावला. मी टेस्ट लॅम्प लावला. थंड. हात लावला. काहीच नाही. मी तसाच हिराच्या घरी गेलो. अंगणात तिची सासू धाकलीबाय जाळीतली सुकी मासळी निवडत होती.

“आजी, गाडी ठीक आहे. मी स्वतः हात लावून बघितलंय. सुनेला पाठवा.”

“तुना नाय बसला?” तिने वर न बघताच विचारलं.

“नाही. एकदाही नाही.”

“बूट घालून हात लावला का रं?”

“हो, मग?”

“आमी बूट घालून दवाखान्यात जातूं का? पाय धुतूं, मंग चढतूं. बूट कार, पाय धू, आनि मंग सांग मना.”

मला राग आला. आयुष्यभर वायरी ओढलेला माणूस मी, आणि ही मला शिकवते? तिला खोटं पाडायचं म्हणूनच मी गाडीपाशी आलो. तीही मागोमाग आली. दाराशी पाण्याचं पिंप होतं. ते मी प्रत्येक खेपेला बघत होतो, पण ते कशाला ठेवलंय हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. गावची रीत अशी की चपला लांब काढायच्या, एका हाताने दाराचा दांडा धरायचा, दुसऱ्याने तांब्याभर पाणी पायांवर ओतायचं, आणि मग स्वच्छ पायांनी आत जायचं. मी बूट काढले. पाणी ओतलं. दांडा धरला.

खांद्यापर्यंत सणक गेली. तांब्या तिकडे, मी इकडे. चिखलात बसलो.

“बसला?” धाकलीबाय म्हणाली. ती हसली नाही, हे तिचे उपकार.

मी ओरडलो, “सावंत, प्लग काढ!” आणि तिथेच बसून राहिलो. बुटांचं कळलं. आमच्या सगळ्यांच्या पायांत रबरी सोल, म्हणून करंटला जमिनीत जायला वाट नव्हती. गाडीही रबरी टायरांवर आणि लाकडी फळ्यांवर. ओल्या अनवाणी पायांचा माणूस हीच त्याची वाट. पण पत्र्यात करंट आलाच कुठून? आणि एका गुरुवारी येतो, एका गुरुवारी येत नाही, हे काय गौडबंगाल?

“सावंत, प्लग कसा लावतोस तू?”

“कसा म्हणजे? दोन पिना, दोन भोकं. कसाही जातो.”

कसाही जातो. मी डोकं धरलं.

प्लग सुलटा लावला तर फेज फेजच्या जागी. उलटा लावला तर मी ज्याला न्यूट्रल म्हणत होतो त्या वायरीत फेज. आणि त्याच वायरीला मी, स्वतःच्या हाताने, गाडीचा अख्खा पत्रा बांधून ठेवला होता! बल्ब पेटेल कसा? एक टोक पत्र्याला, दुसरं त्या पत्र्याला बांधलेल्याच वायरीला. दोघांत फरक काय असणार? तीन आठवडे मी माझ्याच चुकीला विचारत होतो की बाई गं, तू चूक आहेस का.

एवढ्या माणसांनी ओल्या पायांनी तो दांडा धरला होता. कोणी मेलं नाही, यात माझं काही कर्तृत्व नव्हतं.

पेटी उघडून मी ती गाठ कापली. गिरणीतून पहार मागून घेतली, गाडीशेजारी खाडीच्या खाऱ्या ओल्या मातीत दोन हात ठोकली आणि हिरवी वायर तिला आवळली. मग बल्ब पत्रा आणि जमीन यांच्यात लावून बघितला. प्लग सुलटा, उलटा, दोन्ही वेळा थंड. तेवढ्यात डॉक्टरीणबाई कंपनीच्या दुसऱ्या जीपने आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. म्हणालो, “चूक माझी आहे. गाडीची नाही, गावाची नाही.”

त्या धाकलीबायकडे वळल्या. “आता पाठवाल का तिला?”

धाकलीबायने मला आपादमस्तक न्याहाळलं. “हा धरून उभा र्‍हाला तर.”

मी उभा राहिलो. अनवाणी, पायांवर पाणी ओतून, दोन्ही हातांनी दांडा धरून. हिरा आली. तिने आधी माझ्या हातांकडे बघितलं, मग तोंडाकडे, मग पदर सावरत चढली. ती आत असेपर्यंत मी दांडा सोडला नाही. सोडायची हिंमतच नव्हती.

ब्लडप्रेशर भलतंच वर होतं. बाईंनी इंजेक्शन दिलं आणि तिला जीपमध्ये घालून तडक ठाण्याच्या इस्पितळात नेलं. चार दिवसांनी मुलगी झाली. लहानशी, पण रडायला खणखणीत. बाई म्हणाल्या, आणखी आठवडा गेला असता तर सांगता येत नव्हतं.

रिपोर्ट लिहायची वेळ आली तेव्हा नाडकर्णी साहेब म्हणाले, “लूज कनेक्शन लिहा, परब. उगाच कशाला?”

“लूज नव्हतं साहेब. चांगलं घट्ट बांधलं होतं मी.”

तसंच लिहिलं. त्या वर्षी मी फोरमन व्हायचो होतो, तो झालो तीन वर्षांनी. त्यानंतर कुठल्याही तक्रारीला गेलो की मी आधी विचारायचो, तुम्ही नक्की कुठे आणि कसे उभे होतात? मग तसाच उभा राहायचो. लोक हसायचे. हसू देत.