गुरुवारी अपग्रेड नाही

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. कुणी असले किस्से सुरू केले की मी चहा टाकायला उठते. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंसं होतंय... पण लिहिते.

मी पुण्यात आयटीत आहे. सॉफ्टवेअरचं अपग्रेड मध्येच फसलं तरी जुनं सुखरूप राहिलं पाहिजे — हे बघायचाच मला पगार मिळतो. कर्वेनगरला आमच्या घरी बाबांचा जुना कॉम्प्युटर आहे. आईची नजर अधू झाली तेव्हा बाबांनी त्यावर एक छोटा प्रोग्रॅम केला होता. संध्याकाळ झाली की त्यांच्या आवाजात एकच वाक्य — "अगं, गोळी घेतलीस का?"

बाबा गेल्या वर्षी गेले. आई अजून रोज उत्तर देते, "घेतली हो!"

बाबांचा दंडक होता, गुरुवारी अपग्रेड नाही. दुरुस्तीसाठी लाईट जाते ना आपल्याकडे! आणि मी शहाणी, सुट्टी मिळाली म्हणून नेमकी गुरुवारी सकाळी तोच प्रोग्रॅम अपग्रेड करायला बसले. कॉपीसुद्धा न घेता! ऑफिसात कुणी असं केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. जुना प्रोग्रॅम निघाला, नवा बसायला लागला... आणि लाईट गेली.

दुपारी लाईट आली तेव्हा प्रोग्रॅमचं फोल्डर रिकामं. आवाजाची फाइल त्यातच होती, दुसरीकडे कुठेच नव्हती. सगळे उपाय करून थकले आणि मला रडूच कोसळलं. बाबांचा आवाज मी पुसला होता!

आईने चाचपत मला जवळ घेतलं. "असू दे गं. माझ्या कानात आहे तो."

म्हणाली खरं, पण संध्याकाळी सवयीने कॉम्प्युटरजवळच्या तिच्या खुर्चीत येऊन बसली. मला बघवेना.

आणि आवाज आला.

"अगं, गोळी घेतलीस का?" मग जरा थांबून — "आणि तिला म्हणावं, आज गुरुवार आहे."

मी धावत जाऊन फोल्डर उघडलं. जुना प्रोग्रॅम जसाच्या तसा! लगेच चार ठिकाणी कॉपी केली. ती फाइल मी कितीदा तरी ऐकलीय... पहिल्या वाक्यावर संपते. ऑफिसातले म्हणतात, डिस्कवरून आपोआप परत आलं असेल. बरं, मानलं. पण दुसरं वाक्य कुठून आलं? मला अजून कळलेलं नाही.

आईने मात्र त्या दिवशी शांतपणे पाण्याचा घोट घेतला. "घेतली हो," म्हणाली. मग माझ्याकडे वळली.

"ऐकलंस ना? तुला टोमणा मारल्याशिवाय त्यांना राहवलं असतं का!"