बेघर कधीपासून?

महापालिकेच्या निवारा केंद्रात मी दर शनिवारी लोकांचे अर्ज भरून द्यायला जाते. परवा समोर शांताबाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, पातळ नीट चोपून नेसलेलं. अर्जात एक रकाना होता, ‘बेघर कधीपासून?’

“गेल्या महिन्यात इथं आलात, तेव्हापासून लिहू?” मी विचारलं.

“नाही. नवरा गेला तेव्हापासून लिहा. सहा वर्षं झाली.”

“पण मधे तुम्ही भावाकडे होतात ना? म्हणजे डोक्यावर छप्पर होतं.”

“छप्पर होतं, ताई. पण माझे कपडे सहा वर्षं पिशवीतच राहिले. वहिनी दर आठ दिवसांनी विचारायची, पुढं काय ठरवलंय म्हणून.”

मी रकान्यात ‘सहा वर्षं’ लिहिलं.

तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. माझी विधवा आत्या बारा वर्षं आमच्या घरी राहिली. कपाटातला एखादा कप्पा तिला द्यावा, हे आमच्या कुणाच्या मनात आलं नाही. कुणी चौकशी केली की आम्ही मोठ्या मनानं सांगायचो, “आत्या आमच्याकडे असते.” हा रकाना तिनं कसा भरला असता, हे विचारायला आता ती नाही.