तिसऱ्या बेंचावरचा तंबू

कुठलीही जागा सांगायची झाली, की वासूमामा आधी चप्पल काढत आणि अंगठ्याने मातीत नकाशा काढत. पाळी गावच्या खाणीत त्यांनी उमेदीची सगळी वर्षे डंपर चालवला. खाण बंद पडल्याची बातमी करायला मी गेलो, तेव्हा आमची ओळख झाली. पुढे पंप थांबले, खड्डा पाण्याने भरला, त्याचे तळे झाले. त्या तळ्यावर मासे पकडायला जायचे आणि एक रात्र राहायचे, असे आमचे गेल्या शिगम्याच्या सणानंतर ठरले.

खाणीच्या भिंतीला उतरत्या पायऱ्या असतात. कामगार त्यांना बेंच म्हणतात.

"तिसऱ्या बेंचार तंबू मारूया," मामा म्हणाले. "थय वारो लागना नाय. कँटीन बाजूकच."

मी मोटरसायकलवरून जाऊन पाहून आलो. वरचे दोन बेंच पाण्याखाली होते, मग तिसऱ्याचा प्रश्नच नव्हता. कँटीनही नव्हते. तसे सांगितल्यावर मामा हसले.

"तू भलत्याच वाटेन गेलस. पेपरवालो मां तू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तोच नकाशा काढला. रेघ इकडची तिकडे झाली नव्हती.

त्यांची मुलगी सुमन मला फाटकापर्यंत सोडायला आली. "पप्पा शुक्रवारी म्हापशाक गेले ते मदीच धारगळाक उतारले. दुपारभर थयच बसान," ती म्हणाली. "तुमी दोन दिस बरोबर असतलात. येवन खरां सांगा, तेंका एकटे सोडूचे की नाय." मी नाही म्हटले, तर ती त्यांचे फाटकाबाहेर जाणे बंद करणार होती.

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही तळ्यावर पोचलो. मामा काठाशी बराच वेळ उभे राहिले. पाणी पाहून त्यांना नवल वाटले की नाही, ते चेहऱ्यावरून कळले नाही. मग त्यांनी पिशवीतून गरीची दोरी काढली. तिला तीन गाठी होत्या. घरीच, बेंचाची उंची आठवून, हात पसरून वाव मोजत मारलेल्या. शिसे लावलेले टोक त्यांनी काठावरून सरळ खाली सोडले. एक गाठ पाण्यात गेली, दुसरी गेली. तिसरी पाण्याला टेकली आणि दोरी सैल पडली.

"हयच माझो डंपर उभो रवायचो," ते म्हणाले.

"मग तंबू?"

"वरच मारूचो. पाण्यात खय निजतलस?"

मला हायसे वाटले. सुमनला काय सांगायचे, ते मी मनात जुळवूनही ठेवले. दुपारपर्यंत दोन मासे लागले. मी चुलीसाठी दगड मांडत होतो, तेव्हा मामा पाण्याकडे बघत म्हणाले, "कँटीन उघडला काय बघ जरा. दोन चाय सांग."

ते थट्टा करत होते का, हे मी विचारले नाही. चुलीवर चहा करून दिला. त्यांनी एक घोट घेतला. "साखर कमी घालता हल्ली तो कँटीनवालो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी परतलो, तेव्हा सुमन फाटकातच उभी होती. मामा आत गेल्यावर तिने माझ्याकडे पाहिले. दोरीचे माप अचूक निघाले, असे मी सांगितले.

"ह्या मी इचारूक नाय," ती म्हणाली.

मामा आता फाटकाबाहेर जात नाहीत. मी गेलो की अंगणातल्या मातीत नकाशा काढतात. तिसऱ्या बेंचाशी अंगठा थांबतो, आणि आपण खाणीवर कधी निघणार, ते विचारतात.