हेळव्याने लिहिलेले साहेबाचे कूळ

सज्जनहो, ज्याच्या जिभेवर शंभर घरांचे पूर्वज नांदत, त्या वंशावळी सांगणाऱ्या तिप्पण्णा हेळव्याचे चरित्र ऐका. दर सुगीनंतर तो अक्कलकोटाकडून बैलावर बसून येई. घंटा वाजली की कुंभारी गावचे धनगर दारात उभे राहत; तिप्पण्णा चोपडी उघडून आजा, पणजा, खापरपणजा यांची नावे गाऊन सांगे. नसलेले त्याने कधी लिहिले नाही, असलेले कधी गाळले नाही. हीच त्याची पूजा, हाच त्याचा जप!

एकोणीसशे सत्तावीस साली मायाप्पा धनगर मात्र घंटा ऐकूनही उठला नाही. मेलेले कोकरू मांडीवर घेऊन तो बसला होता.

"मामा, नावं कुणापुढं वाचता? सायबानं वढ्याच्या वाटंवर भित घातली. मेंढरं दोन कोस फिरून पान्याला जात्यात. अकरा कोकरं गेली. आता मुलूख सोडायचा."

साहेब म्हणजे डंकन, सोलापूरच्या एका गिरणीतला स्कॉटिश इंजिनियर. गावाबाहेर जमीन घेऊन त्याने बंगला बांधला होता आणि मायदेशातल्या वडिलोपार्जित हवेलीचे नाव फाटकावर कोरले होते: ग्लेनारिक.

तिप्पण्णा मायाप्पाला घेऊन तिथे गेला. पण भांडला नाही. हेळव्याने नव्या जमीनदाराला जे विचारायचे, तेच त्याने विचारले. "सायेब, मूळ पुरुष कोन तुमचा?"

वीस वर्षे गिरणीत काढलेल्या साहेबाला मराठी चांगली येई. तो हौसेने पायरीवर बसून सांगू लागला. मूळ पुरुष अँगस. दुसऱ्यांच्या डोंगरावर मेंढ्या राखायचा. लढाईत सरदाराचा जीव वाचवला, म्हणून त्याला अख्खे खोरे इनाम मिळाले. मग हवेली, बुरूज, हरणांचे रान, नऊ पिढ्या!

तिप्पण्णाने एकेक नाव भक्तिभावाने लिहिले, आणि लिहिले ते मायाप्पाच्याच पानावर.

"मामा, हितं कशाला?"

"मूळ पुरुष मेंढरं राखायचा की! मग तुजाच भाऊबंद न्हाय का?"

साहेब खदखदून हसला. "म्हणजे मी धनगर?"

"व्हय की. आता एकच ऱ्हायलं. कुळात कुणी कुणाची वाट, कुणाचं पानी अडवलं का? ते बी लिवावं लागतंय."

साहेबाचे हसू मावळले. त्याची नजर फाटकावरच्या अक्षरांवर गेली.

"माझ्या आजोबांनी," तो हळूच म्हणाला, "मेंढ्यांसाठी कुरण हवे म्हणून चाळीस घरे उठवली. झऱ्याला कुंपण घातले. माणसे बोटीत बसून परमुलखात गेली. पुढे मेंढ्या गेल्या, हवेलीही विकली. वडिलांच्या हाती नाव तेवढे उरले."

"लिवू?"

"लिहा."

तिप्पण्णाने लिहिले. मग टाक उचलून त्याने विचारले, "आन् तुमच्या नावाखाली?"

भिंतीपलीकडे मेंढ्या बेंबाटत होत्या. साहेब उठला. त्याने माळ्याला हाक मारली आणि पहार मागवली.

ऊन कलण्याआधी भिंतीला दोन गाड्यांएवढे खिंडार पडले. "वाटंवर आता फाटक बी नगं, मायाप्पा," माळी ओरडला, "सायबाचा हुकूम हाय!" कळप घंटा वाजवीत ओढ्यात उतरला. मायाप्पा पाण्यात गुडघाभर उभा राहून लेकरासारखा रडला, आणि रडता रडता हसला.

"मामा, आता तरी लिवा!"

"थांब रं," तिप्पण्णा म्हणाला, "मागचं कोकरू अजून प्यायलं न्हाय."

ते प्यायले. तेव्हा कुठे त्याने लिहिले: डंकन, याने वाट दिली.